नदी किती जणांना पुरते?

शास्त्रभाग : उत्पत्ति १३:१-१३; २ राजे २०:२०

अब्राम आणि लोट यांची गोष्ट शब्बाथशाळेत शिकविली गेली नाही असे एकही वर्ष जात नसेल. चुलत्याने थोरपणा दाखवून पुतण्यास आधी निवड करू दिली, पुतण्याने डोळ्यांना भरली ती हिरवी बाजू घेतली, आणि पुढे तो सदोमाच्या दारात जाऊन पोहोचला. आपण मुलांना मनाच्या मोठेपणाचा धडा देतो आणि ते योग्यच आहे. परंतु सहावे वचन आपण नेहमी घाईने ओलांडतो. गुराख्यांचे भांडण सांगण्यापूर्वी तेथे एक साधी माहिती दिलेली आहे. दोघांची गुरे, मेंढरे व तंबू इतके वाढले होते की त्या मुलखात दोघांचा एकत्र निभाव लागेना. यात दोष कोणाचा, हे सांगितलेले नाही. अब्राम कृपण नव्हता. लोटाने तोवर कोणाचे वाईट केले नव्हते. गुराखी काही जन्माचे भांडखोर नव्हते. कुरण होते तेवढेच राहिले, विहिरी होत्या तेवढ्याच राहिल्या, तोंडे मात्र वाढली. भांडण त्यानंतर आले.

या महिन्याच्या पाठात आपण त्या वचनापाशीच थांबणार आहो. एखादा मुलूख किती गुरे, किती माणसे, किती शेती आणि किती शहरे पोसू शकतो, याला आजच्या भूगोलाच्या पुस्तकांत ‘धारणक्षमता’ म्हणतात. शब्द जड आहे, पण आपल्या शेतकऱ्यांना गोष्ट नवी नाही. चार एकरांच्या गायरानावर वीस गुरे चरली तर पावसाळ्यात गवत पुन्हा येते, शंभर चरली तर मुळासकट जाते, आणि पुढच्या वर्षी वीस गुरांनाही पुरत नाही. या शेवटच्या वाक्याकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. मर्यादेपलीकडे गेल्यावर नुसती वाटणी कमी होत नाही, तर मूळ ठेवच घटते. १९८७ साली नॉर्वेच्या श्रीमती ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने ‘शाश्वत विकास’ हा शब्द जगभर पोहोचविला. त्याचा अर्थही याच्या जवळचाच आहे. आजची गरज भागवावी, पण पुढच्या पिढीची गरज भागविण्याची शक्ती खाऊन टाकू नये.

आता हे आपल्या नदीला लावून पाहू.

औरादहून बीदरला जाताना मांजरेचा पूल लागतो. आपल्यापैकी कित्येकांनी तो शेकडो वेळा ओलांडला असेल, आणि बसच्या खिडकीतून नदीकडे पाहून ‘यंदा पाणी आहे’ किंवा ‘यंदा काही खरे नाही’ एवढेच म्हटले असेल. ही नदी बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातील बालाघाटच्या डोंगरात उगवते. धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतून ती आपल्या बीदर जिल्ह्यात येते, पुढे तेलंगणात शिरते, तेथे उत्तरेकडे वळण घेते आणि सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून गोदावरीला मिळते. तेरणा, तावरजा, घरणी, कारंजा, लेंडी, मन्याड अशा नद्या तिला येऊन मिळतात. तिचे खोरे सुमारे ३०,८४४ चौरस किलोमीटरांचे आहे. त्यातील अर्ध्याहून थोडे अधिक महाराष्ट्रात, सुमारे सातवा हिस्सा कर्नाटकात, आणि उरलेले तेलंगणात. १९५६ पूर्वी हे जवळजवळ सारे खोरे एकाच हैदराबाद संस्थानात, पुढे हैदराबाद राज्यात होते. भाषावार प्रांतरचनेने माणसे तीन राज्यांत वाटली गेली, आणि नदीला ते कोणी सांगितले नाही. आपल्या वर्गात एक मूल ‘पाणी’ म्हणते, दुसरे ‘नीरु’ म्हणते, खालच्या अंगाला तीच ‘मांजरा’ ‘मंजीरा’ होते. पाणी मात्र वरचेच खाली येते. १९८० साली गोदावरी पाणीतंटा लवादाने निवाडा दिला व मांजरेच्या पाण्याचीही वाटणी त्यात आली, ती याच कारणामुळे.

नदीची शक्ती मोजावयाची कोणत्या वर्षी? पाऊस उत्तम झाला त्या वर्षी, की अजिबात झाला नाही त्या वर्षी? या प्रश्नाचे उत्तर आपल्यापासून फार दूर नाही. आपल्या वरच्या अंगाला लातूर शहर आहे. तेथे २०१६ साली जे घडले ते पुष्कळांनी वर्तमानपत्रांत वाचले, आणि आपल्यातील ज्यांची लेक किंवा बहीण तेथे दिली आहे त्यांनी ते जवळून पाहिले.

लातूरला पाणी मिळते ते मुख्यतः मांजरा धरणातून. हे धरण केज तालुक्यात धनेगाव येथे आहे आणि १९८० च्या सुमारास पुरे झाले. त्याची एकूण साठवण सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर असून त्यातील वापरता येण्याजोगे पाणी सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर आहे. बाकीचा तो मृतसाठा. २०१४ व २०१५ ही दोन्ही वर्षे लागोपाठ तुटीच्या पावसाची गेली आणि २०१६ चा उन्हाळा येण्याआधीच धरण आटले. नळ बंद पडले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी दंगा होऊ नये म्हणून प्रशासनास १४४ कलम लावावे लागले. दंगलीसाठी लावावयाचे कलम पाण्याच्या टाकीपाशी लावले गेले! १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवरून, दहा वाघिणींत ५ लाख लिटर पाणी आले. काही दिवसांनी ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, ती एका खेपेस २५ लाख लिटर आणी.

आता येथे थोडे गणित करू. मोठ्या मुलांच्या वर्गात हे फळ्यावर करावे, मुलांना आवडते. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती सुमारे ३ लाख ८० हजार होती. २५ लाख लिटर एवढ्या लोकांत वाटले तर माणशी साडेसहा लिटर होतात. सकाळचे तोंड धुणे आणि दोन वेळचे पिणे झाले की संपले. शहरात माणशी रोज १३५ लिटर द्यावे असे सरकारी प्रमाण आहे. त्या हिशेबाने लातूरला दिवसाला सुमारे ५ कोटी १३ लाख लिटर लागतात. ती गाडी ऑगस्टपर्यंत चालली, शंभराहून अधिक खेपा झाल्या आणि एकूण सुमारे २६ कोटी लिटर पाणी आले. म्हणजे सबंध उन्हाळाभर रेल्वेने जे आणले ते प्रमाणाप्रमाणे वापरले असते तर शहराला पाच दिवस पुरले असते. गाडी आणणाऱ्यांनी, वाघिणी धुणाऱ्यांनी आणि रात्रंदिवस पंप चालविणाऱ्यांनी जे केले ते मोठेच होते, तहानलेल्यास पेलाभर पाणी देणे हलके नव्हे. पण एका शहराची तहान दुसऱ्या नदीवरून आगगाडीने भागविता येत नाही, एवढे त्या उन्हाळ्याने दाखविले.

याच गणिताची दुसरी बाजू अधिक विचार करावयास लावणारी आहे. ५ कोटी १३ लाख लिटरांस ३६५ ने गुणा. वर्षाची गरज सुमारे १९ दशलक्ष घनमीटर येते. धरण भरले असता त्यात वापरण्याजोगे पाणी १७७ दशलक्ष घनमीटर. म्हणजे शहराला वर्षभर पिण्याधुण्यास लागते ते भरलेल्या धरणाच्या नवव्या हिश्श्याइतकेच. मग दोन वाईट वर्षांत ते तळाला कसे गेले? काही पाणी उन्हाने उडून जाते, आपल्याकडच्या उथळ आणि पसरट धरणांतून ते पुष्कळच जाते. काही फुटक्या नळांतून जाते. आजूबाजूची आणखी गावे त्यावर अवलंबून आहेत. नवे पाणी आलेच नाही, हे तर पहिले कारण. पण पाणी आले त्या वर्षी ते कोठे गेले, हे पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. आणि तो पाहू गेल्यास आपण उसाच्या फडात जाऊन उभे राहतो.

उसाला बारा महिन्यांत साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागते. आपल्या भागात चांगल्या वर्षी पाऊस सातआठशे मिलिमीटर. उरलेले पाणी पाटाने, विहिरीने किंवा बोअरने द्यावयाचे. एकरी ते निदान ५० लाख लिटर होते, आणि मोकाट पाणी सोडणाऱ्याच्या शेतात त्याहूनही अधिक. खेड्यात माणशी रोज ५५ लिटर हे सरकारी प्रमाण धरले तर एका माणसाला वर्षाला सुमारे २० हजार लिटर लागतात. तेव्हा एक एकर उसाला वरून द्यावे लागणारे पाणी म्हणजे सुमारे अडीचशे माणसांचे वर्षभराचे पाणी. आपले एखादे लहान खेडेच झाले ते!

हे वाचून कोणी उसवाल्या शेतकऱ्यास पापी ठरवू नये. शब्बाथशाळेत तर मुळीच नको, कारण समोर बसलेल्या मुलांपैकी दोघातिघांचे वडील ऊस लावतात आणि आणखी चौघांचे वडील तोडीला जातात. ऊस का लावला जातो ते आपल्याला ठाऊक आहे. त्याला सरकारने ठरविलेला भाव आहे. कारखाना तो शेतातून उचलून नेतो. गारपिटीने तो तुरीसारखा जमीनदोस्त होत नाही. आपल्या बीदर जिल्ह्याची आणि शेजारच्या कलबुर्गीची ओळख मूग, उडीद आणि तूर यांनी झालेली आहे. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक निर्देशांकही मिळाला. ही पिके बहुतेक पावसावर येतात, जमिनीला खतही देतात. पण रास झाल्यावर बाजारात भाव पडलेला असतो आणि हमीभावाने खरेदी करणारे केंद्र उघडेपर्यंत घरात उधारीवाला येऊन बसतो. ज्या पिकाला कमी पाणी लागते त्याचा भाव बेभरवशाचा, आणि ज्याला सर्वांत जास्त लागते त्याचा भाव बांधलेला. अशा बाजारात शेतकरी पाणी वाचविणार कसा? माझ्या मते दोष शेतकऱ्यापेक्षा या व्यवस्थेत अधिक आहे. ठिबकने उसाचे पाणी पुष्कळ वाचते हे खरे. तथापि वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला तर नदीच्या पदरात काय पडले?

लातूरची गोष्ट २०१६ च्या उन्हाळ्यात संपत नाही. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता जोराचा पाऊस आला, धरण भरले आणि मांजरा-तेरणेच्या काठी पूर आले. २८ सप्टेंबर २०२१ रोजी तर धरणाचे अठराही दरवाजे उघडावे लागले आणि काठची सोयाबीनची शेते पाण्याखाली गेली. पाच वर्षांत त्याच जागी रेल्वेने पाणी आणि त्याच जागी पूर! योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या वर्षांचे धान्य साठविले, कारण पुढील वर्षांची त्याला कल्पना होती. आपल्या खोऱ्यात मात्र धरण भरले की आपण तीच नदीची खरी शक्ती समजतो, त्या मानाने लागवड करतो, त्या मानाने शहराचे प्लॉट पाडतो. ओल्या वर्षी ठरविलेला संसार कोरड्या वर्षी चालवावा लागतो.

जुन्या लोकांनी हे ओळखले होते असे मानावयास आपल्या बीदरमध्येच पुरावा आहे. पंधराव्या शतकात बहमनी सुलतानांनी आपली राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली. उंच पठारावर वसलेल्या या शहराशेजारून नदी वाहत नाही, मांजरा पुष्कळ खाली आहे. मग राजधानीला पाणी कोठून? बीदरची माती तांबडी का, हे मुलांना विचारावे. तो जांभ्याचा थर आहे. जांभा सच्छिद्र असतो, पावसाचे पाणी त्यातून खाली झिरपते, आणि खाली काळ्या पाषाणाचा थर लागला की तेथे अडून राहते. इराणकडून आलेली एक विद्या तेथे कामी आली. डोंगराच्या अंगाला जमिनीखालून किंचित उताराचा बोगदा खोदावयाचा आणि ठराविक अंतरावर वरून उभ्या विहिरी पाडावयाच्या, म्हणजे माती वर काढता येते, हवा मिळते आणि पाणीही शेंदता येते. झिरपलेले पाणी त्या बोगद्यात गोळा होऊन आपल्या उताराने वाहत येते. मोट नको, बैल नकोत. यास ‘कारेझ’ म्हणतात, आणि आपल्याकडे कोणी ‘सुरंग बावी’ही म्हणतात. नौबाद येथील कारेझ सुमारे तीन किलोमीटरांची असून तिच्या एकवीस उभ्या विहिरी आजही दिसतात. २०२० साली जागतिक स्मारक निधीने दख्खनच्या पठारावरील जुन्या जलव्यवस्था आपल्या जतनाच्या यादीत घेतल्या. ज्या शिक्षकांना मुलांची सहल काढावयाची आहे त्यांनी किल्ला पाहून लगेच परत न फिरता नौबादपर्यंत जावे.

येथे दुसरा शास्त्रभाग वाचावा. हिज्कीया राजाने तळे व पाट करून नगरात पाणी आणले, एवढे एका वचनात सांगितलेले आहे. तो पाट यरुशलेमेत आजही आहे. गीहोन झऱ्यापासून शिलोहाच्या तळ्यापर्यंत खडकातून खोदलेला हा बोगदा सुमारे ५३३ मीटर लांब आहे. दोन्ही टोकांकडून खणत आलेल्या दोन टोळ्या मध्ये कशा भेटल्या, ते सांगणारा कोरीव लेख १८८० साली त्यात सापडला. ज्या तळ्यात जाऊन धुण्यास त्या आंधळ्याला सांगितले होते ते हेच तळे, ही गोष्ट मुलांच्या ध्यानात आणून द्यावी. हिज्कीयाच्या बोगद्यात आणि बीदरच्या कारेझमध्ये फरक पुष्कळ आहे, पण एक गोष्ट सारखी आहे. झऱ्याने किंवा झिरपणीने जेवढे दिले तेवढेच पाणी बोगद्यातून येते. ओढून अधिक घेता येत नाही. पाऊस कमी झाला की प्रवाह बारीक होतो आणि नगराला ते त्याच दिवशी कळते.

बोअरचे तसे नाही. बोअर खोल गेली की वर्षानुवर्षे खडकात साठलेले पाणीही वर येते, आणि ते पाणी पुन्हा साठण्यास किती पावसाळे लागतील हे पंपाच्या आवाजावरून कळत नाही. शेजारच्याने तीनशे फूट घेतली की आपण पाचशे घेतो. मग त्याची आटते. तो सातशे घेतो. अब्रामाच्या व लोटाच्या गुराख्यांचे भांडण निदान उघड्यावर होते. हे जमिनीखाली चालते, आणि रविवारी दोघेही एकाच बाकावर बसलेले असतात.

आता पुलावर उभे राहून खालच्या बाजूस पाहू. पुढे तेलंगणात सिंगूरचे धरण आहे, त्याची साठवण मांजरा धरणाच्या जवळजवळ चौपट. त्यापुढे १९३१ साली पुरा झालेला निजामसागर. आणि या पाण्यावर ज्याने डोळा ठेवला ते शहर तर मांजरेच्या काठावरदेखील नाही. हैदराबाद मूसी नदीवर वसलेले आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मूसीला महापूर आला आणि हजारो माणसे दगावली. त्यानंतर १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर हे दोन तलाव झाले, त्यांनी पूर अडविला आणि शहराला पाणीही दिले. शहर वाढले तसे ते पुरेना, म्हणून १९६५ साली मांजरेचे पाणी नेले. तेही पुरेना, म्हणून १९९० नंतर सिंगूरचे नेले. २००४ साली कृष्णेचे आले. २०१५ साली गोदावरीचे आले, आणि त्याच सुमारास मांजरा व सिंगूर कोरडी पडली होती. एका शंभर वर्षांत एका शहराने चार नद्यांना हात घातला. शहराची धारणक्षमता वाढली असे यावर कोणी म्हणेल. माझ्या समजुतीप्रमाणे ती वाढली नाही, दुसऱ्यांच्या खोऱ्यांतून उसनी आणली गेली. लातूरसाठी उजनीचे पाणी आणावे अशी मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे, तिचाही विचार असाच करावा लागेल. कारण उजनीच्या खाली सोलापूर आहे आणि सोलापूरच्या खाली भीमेवर आपले कलबुर्गीकर बंधुभगिनी आहेत.

औरादचे आपण लोक या साखळीत मध्ये आहो. लातूरच्या लोकांनी पाणी अडविले की आपण कुरकुरतो, आणि आपण अडविले की खालचे कुरकुरतात. लोटाने नजर वर करून यार्देनेचे खोरे पाहिले ते एका बाजूचे पाहिले, कोणाच्या वरच्या अंगाला आपण जाऊन बसतो आहो हे त्याने पाहिल्याचा उल्लेख नाही.

पाण्याबरोबर घाणीचाही हिशेब असतो, तो थोडक्यात सांगतो. शहरात शिरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असे इंजिनियर धरतात. वाहती नदी थोडी घाण पचविते, हवा आणि सूक्ष्म जीव ते काम करतात. आटलेल्या नदीत मात्र नुसते गटाराचेच पाणी वाहते. हैदराबादखालची मूसी ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगावयास नको. आपल्या तालुक्याच्या गावीही गटार शेवटी कोणत्या ओढ्याला मिळते आणि तो ओढा कोठे जातो, हे तरुण संघाने एका शनिवारी चालत जाऊन पाहावे.

हिशेब कधी जमतच नाही असे मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन हे सुमारे ४० लाख वस्तीचे शहर तीन वर्षांच्या अवर्षणानंतर २०१८ साली नळ बंद होण्याच्या काठावर आले होते. फेब्रुवारीपासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली गेली. धरणात किती उरले ते दर आठवड्यास जाहीर होई. शेतीच्या पाण्यातही मोठी कपात झाली, आणि जवळच्या फळबागवाल्या शेतकऱ्यांच्या एका संघाने आपल्या धरणांतील सुमारे १,००० कोटी लिटर पाणी शहरासाठी सोडले. शहराचा रोजचा वापर तीन वर्षांपूर्वीच्या निम्म्याहून खाली आला, पावसाळा लागेपर्यंत तग धरला गेला आणि नळ बंद करावे लागले नाहीत. त्या शहरातही श्रीमंतांनी आपापल्या बंगल्यांत बोअर पाडल्या आणि गरीब वस्त्या सार्वजनिक नळावर रांगेत उभ्या होत्या. हे सांगितले नाही तर गोष्ट खरी होणार नाही. पण सर्वांना दिसेल असा एकच आकडा समोर ठेवल्याने माणसे वागणूक बदलतात, हे तेथे दिसून आले.

आपल्या मंडळीला काय करता येईल? मोठ्या धरणांचे दरवाजे आपल्या हाती नाहीत. छप्पर मात्र आपल्या हाती आहे. १,००० चौरस फुटांच्या छपरावर ८०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ७४ हजार लिटर पाणी पडते. काही उडाले, काही सांडले असे धरून ६० हजार लिटर हाती लागते. पाच माणसांच्या कुटुंबाला माणशी ५५ लिटरप्रमाणे ते दोनशेहून अधिक दिवस पुरेल. मंदिराचे छप्पर याहून मोठे असते. तेथले पाणी निदान अंगणातील विहिरीकडे किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्याकडे वळविणे पंचकमिटीच्या एका बैठकीत ठरू शकते. खर्च म्हणाल तर पाइप, खडी, वाळू आणि गवंड्याची मजुरी. आणखी एक गोष्ट सुचवितो. मंदिराच्या विहिरीतील पाणी किती हातांवर आहे ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोरी सोडून मोजावे आणि हजेरीच्या फळ्याशेजारी लिहावे. दोनतीन वर्षांचे आकडे जमले म्हणजे आपल्याच गावची धारणक्षमता आपल्याला वाचता येऊ लागेल.

शिक्षकांसाठी वर्गातील प्रयोग असा. मागे एकदा मी वर्गात ‘पाणी कोठून येते?’ असे विचारले, तेव्हा एका मुलीने ‘नळातून’ म्हटले, दुसऱ्याने ‘टँकरमधून’ म्हटले, आणि टँकरमध्ये कोठून येते याला वर्गात उत्तर नव्हते. म्हणून एक भरलेली बादली मध्ये ठेवावी, ती मांजरा. मुलांना रांगेत बसवावे. पहिल्याला उसाचे शेत करावे व त्याच्या हाती मोठा तांब्या द्यावा. मग लातूर, मग औरादची खेडी, मग बीदर, मग हैदराबाद. प्रत्येकाच्या हाती पेला द्यावा. एका मुलाला ऊन करावे, त्याने प्रत्येक फेरीला एक पेला पाणी घेऊन नुसते अंगणात ओतावे. प्रथम बादली भरून एक फेरी करावी, सर्वांना मिळेल. दुसऱ्या वेळी बादली अर्धीच भरावी आणि रांग तीच ठेवावी. तिसऱ्या वेळी अर्ध्या बादलीवरच, पण मुलांनी आधी आपसांत बोलून कोणी किती घ्यावयाचे ते ठरवावे, उसाच्या मुलालाही बोलू द्यावे, आणि शेवटी बसलेल्या हैदराबादला पहिल्याने विचारावे. शिक्षकांनी या फेरीत मध्ये पडू नये, वेळ लागला तरी चालेल. प्रत्येक फेरीनंतर बादलीत किती उरले ते मोजून मुलांना वहीत लिहावयास सांगावे, आणि उरलेले पाणी झाडांना घालावे.